विश्लेषण : कीबोर्ड ग्राहकाचा, मग दिव्यांची किल्ली कंपनीकडे का?

लिनक्सवर गेमिंग कीबोर्डची बटणे पहिल्या क्षणापासून चालतात, पण त्याच बटणांखालच्या दिव्यांचा रंग बदलता येत नाही. ही अडचण तंत्राची कमी आणि धोरणाची अधिक आहे. ती का येते, आज तिच्यावर कोणते उपाय आहेत आणि पुढचा कीबोर्ड घेताना ग्राहकाने काय विचारावे, याचा हा वेध.

हा प्रश्न आत्ताच का?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. धडधाकट चालणारे अनेक संगणक या अटींत बसत नाहीत. नवा संगणक घ्यायचा नसेल आणि सुरक्षा अपडेटशिवाय इंटरनेटवर फिरायचे नसेल, तर लिनक्स हा सरळ पर्याय उरतो. गेम खेळणाऱ्यांनाही आता ती वाट पूर्वीइतकी परकी राहिलेली नाही. वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणले आणि विंडोजसाठी बनलेले असंख्य गेम लिनक्सवर चालू लागले. याच कंपनीचा फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला ‘स्टीम डेक’ तर लिनक्सवरच चालतो. व्हॅलोरंटसारखे काही गेम त्यांच्या फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे तिथे चालत नाहीत, हा भाग वेगळा.

पुण्याच्या पूर्वेला मांजरीसारख्या भागात हा बदल सहज समजतो. मांजरी बुद्रुक जून २०२१ मध्ये महापालिकेत आले. द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्यामुळे शेतीच्या नकाशावर या गावाचे नाव आधीच होते. आता मगरपट्टा, खराडी, फुरसुंगी इथल्या आयटी संकुलांत जाणारी तरुण कुटुंबे इथल्या नव्या सोसायट्यांत राहतात. अशा घरांत दिवसा कंपनीचा लॅपटॉप चालतो आणि रात्री स्वतःचा, तुकडे जमवून उभा केलेला संगणक. त्याच्यासमोर तापकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन घेतलेला रंगीत दिव्यांचा कीबोर्ड असतो. त्या संगणकावर लिनक्स टाकले की बाकी सगळे रांगेत येते, पण कीबोर्ड इंद्रधनुष्याच्या एकाच लाटेत अडकून बसतो किंवा पूर्ण काळोखात जातो.

दिवेच तर आहेत, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण अंधारात पाळीचे काम करणाऱ्याला, डोळे दुखू नयेत म्हणून मंद प्रकाश हवा असणाऱ्याला किंवा शेजारी झोपलेल्या लेकरासाठी तो झगमगाट बंद करायचा असणाऱ्याला ही चैन वाटत नाही. शिवाय त्या दिव्यांचे पैसे ग्राहकाने मोजलेले असतात.

अक्षरे उमटतात, मग दिवे का ऐकत नाहीत?

याचे उत्तर एका जुन्या मानकात आहे. कीबोर्ड आणि माऊस संगणकाशी कसे बोलतील, हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात यूएसबीच्या ‘एचआयडी’ या मानकाने ठरवून दिले. ‘अ’चे बटण दाबले म्हणजे कोणता आकडा जाणार, हे सर्व कंपन्यांसाठी एकच आहे. म्हणून कोणताही यूएसबी कीबोर्ड विंडोज, लिनक्स, मॅक, अगदी ओटीजी केबल लावलेल्या मोबाइललाही जोडता येतो. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही तो चालतो. त्यासाठी कंपनीला वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही.

रंगीत दिव्यांचे तसे झाले नाही. ते बाजारात आले तेव्हा सर्वमान्य भाषा नव्हती आणि प्रत्येक कंपनीने आपापली बोली तयार केली. दिव्यांच्या कामाचा आवाका तसा छोटा आहे. प्रत्येक दिव्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी ठरतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, म्हणून खोक्यावर ‘१ कोटी ६७ लाख रंग’ असे अभिमानाने छापलेले असते. १०४ बटणांच्या कीबोर्डसाठी ही माहिती होते ३१२ बाइट. संदेश ६४ बाइटचा असेल तर पाच संदेशांत सगळा कीबोर्ड रंगवता येतो. प्रश्न एवढाच की त्या संदेशाची सुरुवात कोणत्या आकड्याने करायची, बटणांचा क्रम कोणता आणि शेवटी ‘आता लागू कर’ कसे सांगायचे. हे कंपनी सांगत नाही. ते तिच्या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेले असते आणि ते सॉफ्टवेअर लिनक्ससाठी सहसा बनवलेच जात नाही.

ट्रॅक्टर कोणत्याही पंपावरच्या डिझेलवर चालावा, पण त्याचा पुढचा दिवा मात्र कंपनीच्या माणसाशिवाय लागू नये, असा हा मामला आहे.

स्वस्त कीबोर्डची वेगळीच तऱ्हा कोणती?

हजार-बाराशे रुपयांच्या अनेक कीबोर्डना मुळात सॉफ्टवेअरच नसते. त्यांचे रंग आणि वेग ‘एफएन’ आणि दुसरे एखादे बटण एकत्र दाबून बदलतात. हे काम कीबोर्डच्या आतच होत असल्याने ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असली तरी फरक पडत नाही. खोक्यातला छोटा कागद फेकून न देणे हाच यावरचा उपाय.

मात्र काही स्वस्त कीबोर्डमध्ये सगळा प्रकाश ‘स्क्रोल लॉक’च्या दिव्याला जोडलेला असतो. इथे एक गंमत आहे. स्क्रोल लॉक दाबल्यावर कीबोर्ड स्वतः दिवा लावत नाही. तो संगणकाला ‘बटण दाबले’ एवढेच कळवतो आणि संगणक उलट ‘दिवा लाव’ असा निरोप पाठवतो. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत स्क्रोल लॉकला काही कामच नेमलेले नसते, त्यामुळे उलटा निरोप जात नाही आणि नवा कोरा कीबोर्ड बिघडल्यासारखा वाटतो. दुकानदाराकडे परत नेला तर त्याच्या विंडोजवर तो लख्ख पेटतो, आणि ग्राहकच खोटा ठरतो.

यावरचा उपाय सोपा आहे. जुन्या एक्स११ पद्धतीच्या डेस्कटॉपवर ‘एक्ससेट’ ही कमांड स्क्रोल लॉकचा दिवा थेट लावते. नव्या वेलँड पद्धतीत ती उपयोगी पडत नाही. तिथे ‘ब्राइटनेसकंट्रोल’ हे छोटे साधन तेच काम करते. लिनक्स प्रत्येक दिव्याची नोंद एका साध्या फाइलीसारखी ठेवते. तीत शून्याऐवजी एक लिहिला की दिवा लागतो. कॅप्स लॉक दाबल्यावर तो पुन्हा विझू शकतो, म्हणून ही कमांड एखाद्या शॉर्टकट बटणावर बसवून ठेवणे सोयीचे.

महागड्या कीबोर्डसाठी काय करावे?

इथे पहिला प्रश्न विचारायचा तो असा : केलेली सेटिंग साठते कुठे? काही कीबोर्डमध्ये स्वतःची स्मरणशक्ती असते. अशा कीबोर्डचा रंग एकदा विंडोजच्या संगणकावर ठरवून कीबोर्डमध्येच जतन केला, की तो कुठेही लावला तरी तसाच राहतो. लिनक्सवाल्याला विंडोज टाकून ठेवण्याची गरज नाही. मांजरीतल्या कोणत्याही सोसायटीत शेजाऱ्याकडे विंडोजचा लॅपटॉप असतोच. चहा होईपर्यंत काम उरकते. लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीनवर विंडोज चालवून कीबोर्ड तिकडे वळवणे, हा दुसरा मार्ग आहे.

याउलट काही कीबोर्डची सेटिंग फक्त कंपनीचे सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत टिकते. सॉफ्टवेअर बंद झाले की कीबोर्ड मूळ रंगावर. अशा कीबोर्डसाठी स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागतो.

त्यात सर्वाधिक पसरलेले नाव ‘ओपनआरजीबी’. आधी ‘ओपनऑराएसडीके’ या नावाने असूसच्या दिव्यांपुरते सुरू झालेले हे काम आता अनेक कंपन्यांचे कीबोर्ड, माऊस, पंखे आणि रॅम यांचे दिवे एकाच खिडकीतून हाताळते. रेझरच्या उपकरणांसाठी ‘ओपनरेझर’ आणि त्यावर चालणारे ‘पॉलिक्रोमॅटिक’ आहे. कोर्सेअरसाठी ‘सीकेबी-नेक्स्ट’ आहे. हे सगळे फुकट आणि खुले आहे. ओपनआरजीबी तर विंडोजवरही चालते. चार कंपन्यांची चार जड सॉफ्टवेअर ठेवण्यापेक्षा हे एक बरे, म्हणून विंडोज वापरणारेही त्याकडे वळतात.

ते टाकताना सुरुवातीला बहुतेकांचा पाय एकाच ठिकाणी अडकतो. सॉफ्टवेअर उघडते, पण कीबोर्ड दिसत नाही. कारण लिनक्स सामान्य वापरकर्त्याला उपकरणाशी थेट बोलू देत नाही. त्यासाठी ‘युडेव्ह’ नावाचा परवानगीचा नियम बसवावा लागतो. तो त्या त्या सॉफ्टवेअरसोबत मिळतो. तो न बसवता सगळे सॉफ्टवेअर ‘रूट’ म्हणून, म्हणजे संगणकाच्या मालकाच्या संपूर्ण अधिकारात चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दिव्याचा रंग बदलण्यासाठी घराच्या सगळ्या किल्ल्या देण्यासारखे ते आहे, टाळलेले बरे.

स्वयंसेवकांना ही बोली कळते कशी?

कान देऊन. विंडोजवर कंपनीचे सॉफ्टवेअर चालवायचे, एक बटण लाल करायचे आणि यूएसबीच्या तारेतून कोणते आकडे गेले ते ‘वायरशार्क’सारख्या साधनाने टिपायचे. मग तेच बटण हिरवे करायचे आणि कोणते आकडे बदलले ते पाहायचे. असे शेकडो वेळा केल्यावर संदेशाचा साचा उलगडतो. एका मॉडेलचा साचा दुसऱ्याला लागू पडेलच, असे नाही. कधी नाव तेच ठेवून कंपनी आतली चिप बदलते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

यात खरा धोकाही आहे. काही स्वस्त कीबोर्ड वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, पण त्यांची आतली यूएसबी ओळख एकच असते. एका कीबोर्डसाठी बरोबर असलेला संदेश दुसऱ्याला चुकीचा ठरू शकतो. असे काही कीबोर्ड कायमचे बंद पडल्याच्या तक्रारींनंतर ओपनआरजीबीने तशा एका गटाचा सपोर्टच थांबवून ठेवला. म्हणून आपल्या कीबोर्डचे नाव नव्हे, तर त्याचा यूएसबी ओळख क्रमांक सपोर्टच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड तो क्रमांक दाखवते. यादीत नसेल तर अंदाजाने प्रयोग करू नयेत.

हा धोका स्वयंसेवकांच्या अर्धवट ज्ञानातून येतो हे खरे, पण ते ज्ञान अर्धवट राहते कारण पूर्ण माहिती कंपनीच्या कपाटात असते. दोन पानांचा तक्ता प्रसिद्ध केला असता तर कोणाचाही कीबोर्ड निकामी झाला नसता.

कंपन्यांचे म्हणणे कितपत पटते?

कंपन्यांची बाजू दुर्लक्ष करण्यासारखी नाही. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे थोडे आहेत. त्यांच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहायचे, लिनक्सच्या डझनभर आवृत्त्यांवर तपासायचे, तक्रारी ऐकायच्या, याचा खर्च कीबोर्डच्या नफ्यातून निघत नाही. हा हिशेब बरोबर आहे. पण लिनक्स वापरणारे सॉफ्टवेअर मागतच नाहीत. ते स्वतः लिहायला तयार आहेत, लिहून दाखवलेही आहे. मागणी फक्त संदेशाच्या साच्याची आहे, आणि तो देण्याचा खर्च जवळपास शून्य आहे.

प्रतिस्पर्धी नक्कल करतील, हे दुसरे कारण सांगितले जाते. तेही फारसे टिकत नाही. तार ऐकून एखादा विद्यार्थी जे सुट्टीत शोधून काढतो, ते प्रतिस्पर्धी कंपनीला केव्हाच कळलेले असते. बंद कपाटामुळे खरा अडतो तो ग्राहक. सॉफ्टवेअर आपलेच राहिले की त्यातून ग्राहकाचे खाते उघडता येते, जाहिराती दाखवता येतात, त्याच कंपनीचा माऊस आणि हेडफोन घ्यायला लावता येतो. खरे कारण या बाजूला शोधावे.

या जड सॉफ्टवेअरची एक किंमत विंडोजवाल्यांनाही मोजावी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये रेझरच्या इन्स्टॉलरमधली अशी त्रुटी समोर आली की कंपनीचा माऊस नुसता जोडला तरी विंडोजमधले सर्वोच्च अधिकार मिळवता येत होते. माऊस-कीबोर्डच्या दिव्यांसाठी आलेले सॉफ्टवेअर संगणकाच्या तिजोरीपर्यंत पोहोचते, हे त्यातून दिसले. कंपनीने ती दुरुस्त केली, पण धडा कायम आहे : दिव्याला जितके कमी सॉफ्टवेअर लागेल तितके चांगले.

मराठीने हे आधी कसे भोगले?

ज्यांनी १९९० च्या दशकात आणि नंतरही मराठीत संगणकावर काम केले, त्यांना ही कथा नवी वाटणार नाही. तेव्हा प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा आणि त्यामागची अक्षरांची मांडणीही वेगळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. वर्तमानपत्राचे संकेतस्थळ वाचायचे तरी आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. मजकूर लेखकाचा, पण तो वाचता येणे कंपनीच्या फॉन्टवर अवलंबून. जुनी दस्तावेजे आजही कन्व्हर्टरमधून काढावी लागतात आणि जोडाक्षरे तपासत बसावे लागते.

तो गुंता सुटला तो एखाद्या कंपनीने सर्वांसाठी फॉन्ट बनवला म्हणून नव्हे. सामायिक मानक आले म्हणून. १९९१ मध्ये भारताचे ‘इस्की’ मानक आले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पुढे ऑपरेटिंग सिस्टीमनी युनिकोड स्वीकारले. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले आणि लिनक्सवरही मराठी नीट दिसू लागली. फॉन्ट बनवणारे व्यावसायिक त्यामुळे संपले नाहीत. ते आजही सुंदर अक्षरे विकतात, फक्त मजकुराला ओलीस धरत नाहीत. मोबाइलवर हा लेख वाचताना कोणता फॉन्ट उतरवायचा हा विचारही मनात येत नाही, हे त्या मानकाचे यश.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातही अशाच एका जोडउपकरणाशी जोडली जाते. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या एका प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड रिचर्ड स्टॉलमन यांना मिळाला नाही, म्हणून त्यांना त्यात हवी ती सुधारणा करता आली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. चाळीस वर्षांनी प्रिंटरच्या जागी कीबोर्ड आला आहे, एवढेच.

मग दिव्यांचे मानक येणार का?

आलेले आहे. यूएसबीच्या त्याच एचआयडी कुटुंबात ‘लॅम्पअ‍ॅरे’ नावाचे दिव्यांचे खुले मानक आहे. किती दिवे आहेत, कुठे आहेत, कोणते रंग दाखवू शकतात, हे उपकरण स्वतःच सांगते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ मध्ये ‘डायनॅमिक लायटिंग’ आणले ते याच मानकावर. लिनक्सच्या विकासकांमध्येही त्याचा आधार घेण्यावर चर्चा झाली आहे. म्हणजे या मानकावर चालणारा कीबोर्ड विंडोजसाठी घेतला, तरी उद्या लिनक्सवर त्याची वाट मोकळी राहण्याची शक्यता अधिक.

दुसरी आशा ‘क्यूएमके’ची. हे कीबोर्डच्या आत बसणारे खुले फर्मवेअर आहे. त्यावर चालणाऱ्या अनेक कीबोर्डचे रंग आणि बटणे ‘व्हीआयए’ या साधनाने थेट क्रोमसारख्या ब्राउझरमधून बदलता येतात आणि बदल कीबोर्डमध्येच साठतात. कीक्रॉनसारख्या कंपन्या असे कीबोर्ड भारतातही विकतात. म्हणजे माहिती खुली ठेवून धंदा करता येतो, हे बाजारानेच दाखवले आहे.

सरकारकडून काय अपेक्षा?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, ग्राहकोपयोगी उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे पोर्टलही सुरू झाले. त्या चर्चेचा भर सुटे भाग आणि दुरुस्तीच्या माहितीवर आहे. पण भाग शाबूत असूनही ऑपरेटिंग सिस्टीम बदलताच उपकरण अर्धे मुके होत असेल, तर तोही त्याच हक्काचा प्रश्न आहे. आज कीबोर्डचे दिवे आहेत, उद्या स्कॅनर असेल, परवा बोटांचे ठसे घेणारे यंत्र. सरकार स्वतः ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम पुरस्कारते. ती घडवणाऱ्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच आहे. आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बाजारातले उपकरण पूर्ण चालावे, अशी अट घालण्याचा पहिला हक्क आणि गरज सरकारचीच आहे.

त्यासाठी मोठा कायदा लागत नाही. पॅकबंद मालावर किंमत आणि उत्पादनाचा देश छापणे आजही बंधनकारक आहे. त्याच खोक्यावर आणखी दोन ओळी छापायला लावता येतील : सेटिंग उपकरणात साठते की नाही, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरविना कोणत्या सुविधा बंद राहतील.

ग्राहकाने काय करावे?

तोवर ग्राहकाच्या हाती प्रश्न विचारणे आहे. कीबोर्ड घेताना चार गोष्टी पाहाव्यात. रंग ‘एफएन’ बटणाने बदलतात का? सेटिंग कीबोर्डमध्येच साठते का? क्यूएमके, व्हीआयए किंवा लॅम्पअ‍ॅरे यांपैकी काही चालते का? आणि ओपनआरजीबी किंवा ओपनरेझरच्या यादीत हे मॉडेल आहे का? दुकानात दुकानदाराच्या संगणकावर रंग बदलून, तार काढून पुन्हा लावून पाहावे. रंग तोच राहिला तर सेटिंग बहुधा कीबोर्डमध्येच साठते. तरीही खात्रीसाठी तो कंपनीचे सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात.

तापकीर गल्लीतल्या दुकानदाराला आज हे प्रश्न कदाचित विचित्र वाटतील. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो पुरवठादाराला विचारेल आणि पुरवठादार कंपनीला. फॉन्टच्या बाबतीत मराठी माणसाने फार वर्षे निमूट सोसले. कीबोर्डच्या बाबतीत तेवढी वाट पाहण्याचे काही कारण नाही.